रिकामी सकाळ

आपण मराठी माणसं काशीला जातो ती यादी खिशात घालून. गंगास्नान, विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, ज्यांना करायचं असेल त्यांचं पिंडदान, संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती, नावेतून एक फेरी, एक दिवस सारनाथ, एक दुपार बनारसी साड्यांच्या दुकानात आणि शेवटी गंगाजलाचे गडू. तीन दिवसांत हे सारं बसवायचं म्हणजे धावाधाव आलीच. घरी परतल्यावर मावंदं घातलं, शेजारीपाजारी गडू वाटले, की यात्रा संपूर्ण झाली. यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पूर्वीची माणसं महिनोन् महिने चालत जायची, परत येऊ की नाही याची खात्री नसायची. आपली मनं त्यांचीच आहेत, गाड्या तेवढ्या वेगवान झाल्या.

पण काशीला निघालेल्या प्रत्येकाला मी त्या यादीत एक ओळ वाढवायला सांगते. एक सकाळ रिकामी ठेवा. त्या सकाळी देव नको, गुरुजी नकोत, नाव नको, खरेदी तर नकोच. पायांत साधी चप्पल घालायची आणि नदीच्या काठाने चालत सुटायचं. कुठं पोहोचायचं आहे हे ठरवायचं नाही.

बनारसच्या सकाळीचं कौतुक काही नवं नाही. 'सुबह-ए-बनारस' हा शब्द उत्तरेकडे घरोघरी ठाऊक आहे. मिर्झा गालिब कलकत्त्याला जाताना १८२७च्या सुमारास वाटेत इथे उतरला, चांगला रेंगाळला, आणि या गावावर 'चिराग-ए-दैर' नावाची फारसी मस्नवी लिहून गेला. या कौतुकाच्या मुळाशी भक्ती आहे तसा साधा भूगोलही आहे. गंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते. तिचा पश्चिमेचा काठ उंच आणि पक्का, म्हणून सगळं गाव आणि अस्सीपासून आदिकेशवापर्यंतचे सगळे घाट त्याच काठावर. समोरचा पूर्वेचा काठ सखल, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा, म्हणून तिथे वस्तीच नाही. नुसती वाळू आणि मागे झाडांची रेघ. एवढ्या दाटीवाटीच्या गावाला समोर मोकळं आकाश मिळालं आहे आणि सूर्य नेमका त्या मोकळ्या बाजूने वर येतो. मध्ये एकही इमारत नाही. मुंबईत आपण समुद्रकाठी राहतो, पण आपला सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो कुणाच्या तरी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागून!

आणखी एक गंमत सांगते. आपल्या घड्याळांची वेळ ज्या रेखांशावरून ठरते तो काशीपासून जवळच, मिर्झापूरच्या बाजूने जातो. त्यामुळे काशीत घड्याळ आणि सूर्य जवळजवळ जोडीने चालतात. आपल्याकडे सूर्य मागे रेंगाळतो. हिवाळ्यात पुण्या-मुंबईपेक्षा तिथे साधारण अर्धा तास लवकर उजाडतं, उन्हाळ्यात तर पाऊण ते एक तास. पुण्याच्या सवयीने सहाला उठलात तर निम्मी सकाळ हातची गेलेली असते.

गेल्या कार्तिकात मी काशीला गेले ते माझ्या मोठ्या नणंदेबरोबर. वन्सं वाईला राहतात. त्यांचे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेले. पार्किन्सनचा आजार होता, शेवटची चार वर्षं तर हातपाय अगदीच आखडलेले. त्या आजारात औषधाच्या वेळा फार सांभाळाव्या लागतात. पहाटे पाचला पहिली गोळी, मग अंग जरा सैल होईपर्यंत वाट पाहायची, मग त्यांना उठवायचं, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, चमच्याने चहा पाजायचा. सात वाजायचे. चार वर्षं वन्संनी गजर कधी लावला नाही. पाचच्या ठोक्याला जाग यायचीच.

ते गेल्यावरही जाग येत राहिली. लोकांनी आपापल्या परीने सुचवलं. कुणी म्हणालं जप करा, कुणी म्हणालं भजनी मंडळात या, सुनेने टीव्हीवरचं प्रवचन लावून दिलं. वन्सं माणूसघाण्या नाहीत. सगळ्यांचं ऐकलं, जपही केला, मंडळातही जाऊ लागल्या. एकदा मला फोनवर एवढंच म्हणाल्या, "बाकी दिवस जातो गं. पण पाच ते सात काय करू?" मला काही सांगता आलं नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुलाने काशीचा बेत ठरवला. मी सोबत. ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत एका ओळखीच्या मराठी घरी उतरलो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सगळा पट्टा मराठी माणसांचा जुना मोहल्ला. पेशव्यांच्या काळापासून इथे आपली घरं, वाडे, वेदपाठशाळा. आता पुष्कळ कुटुंबं पांगली, तरी एखाद्या दारातून मराठी हाक अजून ऐकू येते. दोन दिवसांत सगळे विधी यथासांग पार पडले. तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा वन्सं अंधारात पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पाय खाली सोडलेले, हात मांडीवर.

मी म्हटलं, "चला वन्सं, चालून येऊ."

"कुठं?"

"कुठं नाही. नुसतंच."

त्यांनी शाल घेतली. मुलाला उठवलं नाही, चिठ्ठी ठेवली.

गल्लीतून उतरून आधी जरा उजवीकडे पंचगंगेकडे वळलो. कार्तिकात तिथे पहाटेच्या स्नानाला बायकांची गर्दी असते. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा संगम इथे मानतात. डोळ्यांना दिसते एकटी गंगा. घाटावर उंच बांबू उभे केलेले आणि टोकाला वेताच्या टोपल्या टांगलेल्या. तो आकाशदीप. कार्तिकातल्या संध्याकाळी त्यात दिवे ठेवून दोरीने वर चढवतात, गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. आपल्या आकाशकंदिलाचा हा सख्खा भाऊच म्हणायचा. आपल्याकडे त्याचा कागद चकचकीत झाला आणि पितर मागे पडले. इथे अजून आठवण शिल्लक आहे. शेजारी अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेला दगडी दीपस्तंभ, त्रिपुरी पौर्णिमेला त्यावर शेकडो पणत्या लागतात. नाथमहाराजांनी आपलं भागवत याच काशीत पुरं केलं, शके १४९५ म्हणजे १५७३ साली, आणि तिथी होती कार्तिकी पौर्णिमा. साडेचारशे वर्षांमागचा तो दिवस आणि समोरच्या पणत्यांचं काजळ, दोन्ही मला त्या अंधारात अगदी जवळजवळ वाटली.

पंचगंगेच्या पायऱ्या उतरताना एक काळजी घ्यावी. कबीर अशाच पहाटेच्या काळोखात या पायरीवर निजून राहिला, रामानंदांचा पाय त्याला लागला, त्यांच्या तोंडून रामनाम निघालं आणि त्याने तोच गुरुमंत्र मानला अशी कथा आहे. तेव्हा पाऊल बघून टाकलेलं बरं. कोण निजलं असेल सांगता येत नाही. मी हे म्हटल्यावर वन्सं हसल्या. त्या वर्षातलं ते पहिलं हसू होतं असं लिहिणं खोटं होईल, मधूनमधून त्या हसत असत. पण हे हसू कुणाला बरं वाटावं म्हणून नव्हतं.

इथेच जवळ बालाजीचं जुनं देऊळ आहे. बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून तिथल्या नौबतखान्यात शहनाईचा रियाज करायला जायचे. घरापासून देवळापर्यंत जायला वाटा अनेक, पण त्यांना आवडायची ती रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका बहिणींच्या घरावरून जाणारी. गाणं कानांवर पडायचं म्हणून. पुढे २००१ साली 'भारतरत्न' झाले, तरी स्वतःला गाण्याची गोडी कुठे लागली हे सांगताना ते या वाटेचं नाव घेत. मला ही गोष्ट फार आवडते. रियाज देवळात व्हायचा, हे खरं. पण काही शिकणं वाटेतही होऊन जात होतं.

तिथून मागे वळून आम्ही उत्तरेकडे चालू लागलो. बहुतेक लोक इथून दक्षिणेला जातात, कारण मणिकर्णिका, दशाश्वमेध, अस्सी सगळं तिकडे. अस्सीला २०१४ पासून रोज पहाटे आरती, गायन-वादन, योगासनं असा सुंदर कार्यक्रम असतो. मी एकदा गेले होते. ऐकण्यासारखा आहे. पण तो कार्यक्रम आहे. समोर व्यासपीठ आहे, मागे खुर्च्या आहेत. आम्हाला त्या दिवशी कार्यक्रम नको होता.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, बुंदी परकोटा, लालघाट, गायघाट. इथे गर्दी एकदम विरळ होते. पावसाळ्यात हे सगळे घाट पाण्यात जातात. १९७८ सालच्या पुराची खूण ज्या उंचीवर दाखवतात तिकडे मान वर करून पाहावं लागतं. पाणी उतरलं की पायऱ्यांवर माणूसभर गाळ साचलेला असतो आणि तो पंपाच्या पाण्याने धुऊन काढतात. मोठे घाट आधी, आडबाजूचे मागाहून. कार्तिकात कुठे कुठे अजून तो गाळ कोपऱ्यांत वाळलेला दिसतो. भेगा पडलेला, आणि त्यावर पक्ष्यांच्या पायांची नक्षी.

मी वन्संकडे पाहत होते. त्या फार हळू चालत होत्या. गुडघे तर चांगले आहेत. मग लक्षात आलं, ही त्यांची चाल नव्हेच. चार वर्षं ज्यांच्या हाताला धरून चालल्या त्यांची ही चाल. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, शेजारी बघायचं. मी काही बोलले नाही. लालघाटाच्या पुढे पायऱ्या लांबरुंद होतात, तिथे त्यांच्या पायांना आपोआप वेग आला. त्रिलोचन घाटाशी तर मीच मागे पडले.

तोवर पूर्वेला राखाडीतून गुलाबी फुटू लागलं होतं. सूर्योदयापूर्वीची ही दहा-पंधरा मिनिटं मला प्रत्यक्ष सूर्योदयापेक्षा मोलाची वाटतात. पाण्याला रंग असतो, पण चकाकी नसते. डोळे दिपत नाहीत म्हणून सगळं दिसतं. एका मोडक्या भिंतीच्या भोकातून पोपट बाहेर आला, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेला. पायरीवर परीट पक्षी, तोच तो शेपटी सारखी वरखाली करणारा, धोब्यांच्या दगडांमधून तुरुतुरु पळत होता. धोबी अजून यायचे होते. हा त्यांचा नामबंधू आधीच हजर! पाण्यावर एक काळा-पांढरा खंड्या हवेत जागच्या जागी पंख फडफडवत थांबला आणि दगड टाकावा तसा सरळ खाली पडला. वर आला तेव्हा चोचीत काहीतरी चमकत होतं.

"हा आपल्याकडं आहे का गं?" वन्संनी विचारलं.

"आहे की. कृष्णेवर असणार."

"मी बघितला नाही कधी." मग जरा थांबून, "बघायला वेळ कुठं होता म्हणा."

थंडी सुरू झाली की गंगेवर हजारो मैल उडून कुरव येतात, ते पांढरे करड्या पंखांचे. नाविक त्यांना 'साइबेरियन' म्हणतात आणि प्रवाशांना शेवेच्या पुड्या विकतात. नावेतून शेव उधळली की पांढरा कल्लोळ उठतो, फोटो झकास येतो. पण मासे खाणाऱ्या पाखराला तळलेली तिखट शेव कशासाठी? आपण काशीला पुण्य करायला जातो ना? मग ती पुडी घेऊ नये. एवढं माझं सांगणं आहे.

राजघाटाशी गंगेवर मोठा लोखंडी पूल आहे, खालून रेल्वे आणि वरून रस्ता. १८८७ साली बांधला तेव्हा डफरिनचं नाव होतं, १९४८ पासून तो मालवीय पूल. आम्ही पुलाजवळ पोहोचलो आणि वरून एक लांबलचक गाडी धडधडत गेली. शांतता शोधायला निघालेल्यांना आधीच सांगून ठेवते, बनारसमध्ये आवाज नाही अशी जागा शोधू नका. देवळांचे भोंगे आहेत, इंजिनाच्या नावा आहेत, कुत्री आहेत, पूल आहे. गाडी निघून गेल्यावर मात्र नदीचा आवाज पुन्हा ऐकू येतो. आधीपासून तो येतच असतो, पण गाडी गेल्यावर तिकडे लक्ष जातं.

पुलापलीकडे आता नवा नमो घाट झाला आहे. फरसबंदी, बाकं, नमस्कार करणाऱ्या हातांची प्रचंड शिल्पं. पहाटे तिथे व्यायाम करणारी मंडळी असतात. आम्ही थोडं पुढे जाऊन जिथे फरसबंदी संपते तिथे बसलो. समोर वाळूचं बेट उघडं पडलेलं. त्यावर नारिंगी-बदामी रंगाच्या बदकांच्या जोड्या होत्या. एकाने हाक दिली, अनुनासिक, जरा रडवी. दूरवरून दुसऱ्याने उत्तर दिलं.

"चक्रवाक," मी म्हटलं.

वन्संना संस्कृत होतं शाळेत. "रात्रभर वेगळे राहतात ते?"

"असं कवी सांगतात. पक्ष्यांचे अभ्यासक नाही म्हणतात. रात्री चरतात, अंधारात एकमेकांना हाका मारतात, म्हणून तशी समजूत झाली असावी."

"म्हणजे रात्री जवळच असतात."

"हो, असतात."

त्या त्यावर काही बोलल्या नाहीत. चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पाय पायरीवर सोडले. सूर्य वर आला. लाल, वाटोळा, धुक्यामुळे डोळ्याने बघता येईल असा. पाण्यावर त्याची वाट पडली ती सरळ आमच्या पायांपर्यंत, आणि शेजारी बसलेल्याच्याही पायांपर्यंत. प्रत्येकाला ती आपल्याचकडे आलेली दिसते. एक म्हातारा हातात दातवण घेऊन आला, आमच्यापासून चार पायऱ्यांवर बसला. त्यानेही काही विचारलं नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. चहावाला आला तेव्हा वन्संनी मला वेळ विचारली. सव्वासात झाले होते.

"सात वाजून गेले?" त्या म्हणाल्या. "मला कळलंच नाही."

चहा झाल्यावर अजून थोडं पुढे गेलो. राजघाटाचं पठार म्हणजे खरी जुनी काशी. १९३९-४०च्या सुमारास रेल्वेच्या कामासाठी खोदताना तिथे जुन्या वस्तीचे अवशेष निघाले, आणि पुढच्या उत्खननांत इसवी सनापूर्वी सात-आठशे वर्षांपर्यंतचे थर लागले. जवळच लाल खानाची १७७३ सालची कबर आहे, रंगीत फरशांचे तुकडे अजून भिंतींवर टिकलेले, भोवती छान हिरवळ. फारसं कुणी जात नाही. त्यापलीकडे झाडीत कृष्णमूर्तींच्या संस्थेचं आवार, शाळा आणि मुलींचं कॉलेज. जे. कृष्णमूर्ती हिवाळ्यात इथे येऊन राहत आणि रोज चालायला जात. नदी, वाळू, रस्त्याने जाणारे गावकरी यांची त्यांनी त्या दिवसांत लिहिलेली वर्णनं त्यांच्या टिपणवहीत आहेत. त्यांच्या तत्त्वज्ञानाशी माझी फारशी ओळख नाही. पण पाहणारा माणूस होता हे कळतं.

आणि इथेच आपले अच्युतराव पटवर्धन होते. नगरचे. १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहून इंग्रजांना अखेरपर्यंत हाती न लागलेले, साताऱ्याच्या प्रतिसरकारला ज्यांचा आधार वाटे ते. स्वातंत्र्य आलं, पुढे सत्तेचे दिवस दिसू लागले आणि १९५० साली हा माणूस राजकारणातून बाजूला झाला. काशीला परतला, ज्या गावात शिकला तिथेच शिकवू लागला. पुढची चाळीसएक वर्षं जाहीर सभा नाही, निवडणूक नाही. ५ ऑगस्ट १९९२ रोजी काशीतच गेले. वन्संना हे नाव चांगलं माहीत. "आमच्या सासऱ्यांच्या तोंडी असायचे अच्युतराव. पुढं काय झालं त्यांचं ते कधी बोलायचे नाहीत." मग त्या फाटकातून आत, मोठाल्या झाडांकडे, बराच वेळ बघत राहिल्या. "इथं होते होय!"

टोकाला आदिकेशव. वरुणा गंगेला मिळते ती जागा. शिंद्यांच्या दिवाणाने बांधवलेला घाट, शांत देऊळ, एखाददुसरा माणूस. पंचक्रोशीची पाच दिवसांची परिक्रमा करणारे शेवटच्या दिवशी इथूनच गावात शिरतात. बुद्धही सारनाथला याच बाजूने वरुणा ओलांडून गेला असं परंपरा मानते. 'वाराणसी' या नावातली निम्मी अक्षरं जिची, ती ही नदी आज काळ्या पाण्याची झाली आहे. शहराची गटारं तिच्यात येतात, आणि संगमावर दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. सौंदर्याच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण चालत गेलं की हेही दिसतं. गंगा स्वच्छ करायची मोठी योजना १९८६ साली इथूनच सुरू झाली. १९८९ साली रामनगर ते मालवीय पूल असं सात किलोमीटरचं कासवांचं अभयारण्य झालं, चंबळेकडून अंडी आणून सारनाथला पिल्लं वाढवायची आणि गंगेत सोडायची अशी कल्पना होती. कासवं पाण्यातलं कुजकं खातात, नदीचं काम नदीतल्याच जिवांकडून व्हावं. २०२० साली ते अभयारण्य रद्द करून प्रयागराज-मिर्झापूरच्या बाजूला हलवलं. तसाच गंगेतला डॉल्फिन, इथली माणसं त्याला सूंस म्हणतात. २००९ पासून तो राष्ट्रीय जलचर आहे. घाटांसमोर दिसणं कठीण, खाली गोमतीच्या संगमाकडे कैथीजवळ पाहायला जातात. पूर्वी काठावरचा मनुष्य पाण्याकडे पाहत बसला की त्याला काय काय दिसत असेल, याचा विचार मी परतताना करत होते.

परतताना आम्ही सायकलरिक्षा केली. पाय दुखत होते, खोटं कशाला सांगू! पंचगंगेपासून आदिकेशवापर्यंतचं अंतर तीन-साडेतीन किलोमीटरच असेल, पण चढउतार फार.

जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळ्यात काठाने चालता येतच नाही, घाट बुडालेले असतात. कार्तिक ते फाल्गुन उत्तम. पौष-माघात दाट धुकं पडतं, सूर्य दिसेलच असं नाही, पण धुक्यातली गंगा ही वेगळीच चीज आहे. दोघी मिळून जा, घरी सांगून जा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. मणिकर्णिकेच्या बाजूला गेलात तर चितांचे फोटो काढू नका, तिथे कुणाची तरी माणसं बसलेली असतात. आणि बरोबर कुणी असेल तर फार बोलू नका. पहिला अर्धा तास जड जातो. घरच्या गोष्टी, सुनांच्या तक्रारी, परतीच्या तिकिटांची चिंता सगळं वर येतं. येऊ द्यावं. गायघाटापर्यंत ते पुष्कळसं मागे राहतं.

वन्सं वाईला परतल्या त्याला आता काही महिने झाले. कृष्णेचा घाट त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर, पण कित्येक वर्षांत त्या पहाटे तिकडे फिरकल्या नव्हत्या. गावाला दक्षिणकाशी म्हणतात, तरी काशीला जाऊन आल्याशिवाय ती दिसली नाही, असं त्याच थट्टेने म्हणतात. आता पाचला उठतात, साडेपाचला बाहेर पडतात. आधी गणपतीच्या घाटापर्यंत, मग हळूहळू पुढे, आणि आता आठवड्यातून दोनदा मेणवलीपर्यंत, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर. नाव घेऊन रडतात का, तर हो, कधीकधी रडतात. घाटावर कुणी नसतं त्या वेळी.

परवा सकाळी आठच्या सुमारास त्यांचा फोन आला. मी कुकर लावत होते. मला वाटलं काही तातडीचं.

"अगं, तो काळा-पांढरा बघितला," त्या म्हणाल्या. "मेणवलीला. पण हा हवेत थांबला नाही, तारेवर बसून होता नुसता. तोच असेल ना?"

मी म्हटलं, चोच केवढी होती?

"थांब," त्या म्हणाल्या, "उद्या नीट बघून सांगते."